बाहेरचं पॅकेज

"बिनवापराचं समदं काढ, पोरी. पण हे बाहेरचं पॅकेज काढलंस, तर त्याच दिवशी नृसिंहवाडीला जाऊन दत्ताच्या कानावर घालायचं. कबूल?"

संयोगिता तेव्हा हो म्हणाली होती. हे बजावणारे, डेअरीचा प्रोग्राम लिहिणारे उदयसिंहसर वारून आता वर्ष झालं.

आज गुरुवार, तिचा उपास. डेअरीच्या कॉम्प्युटर-प्रोग्रामला जोडलेली, दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडची निरुपयोगी पॅकेजं तिनं एकेक करून काढली, शेवटी सरांचं ते 'बाहेरचं'ही. काहीच अडलं नाही. फक्त पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली: "हाय की."

"कुणाचा चावटपणा गं ताई?" शेजारची मोना हसली.

संयोगितानं खात्रीसाठी दुसऱ्या, कोऱ्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चढवला. तिथंही तळाशी ओळ आली:

"हाय की. वाडीला कवा निघायचं?"

ते वचन तिला आणि सरांना, दोघांनाच ठाऊक होतं.

तिनं पर्स उचलली, मोनाला "येते" म्हणाली आणि बाहेर पडताना मागून येणाऱ्यासाठी दार क्षणभर उघडं धरलं.