तांबूचं बाळंतपण

"तांबू, त्यांना म्हणावं दोर सैल करा. गळ्याला काचतोय."

"तांबू, तिला सांग, सैलच हाय."

परळमधल्या एका चाळीच्या चौकात तांबू गाय उभी होती. तिच्या एका अंगाला कमळाबाई, दुसऱ्या अंगाला राजाराम. दोघंही साठीकडे झुकलेली. वरच्या गॅलरीतून निम्मी चाळ वाकून बघत होती.

आदल्या दिवशी ही दोघं कर्जतकडून भाजीच्या ट्रकमधून गाय घेऊन निघाली होती. गाय पहिलारू, दिवस उलटून गेलेले, त्यात तिने चारा सोडलेला. परळच्या गुरांच्या दवाखान्यात न्या, असं गावात कुणीतरी सुचवलं. पण मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली, गिरणगाव रस्त्यावर उतरलं, गोळीबार झाला आणि कर्फ्यू लागला. ट्रकवाल्याने गायीसकट दोघांना चाळीच्या दारात उतरवलं आणि तो पळाला. दवाखाना चार गल्ल्यांवर होता, पण नाक्यावर बंदुका घेऊन पोलीस उभे होते.

पहिल्या मजल्यावरच्या दुर्गाने त्यांना आसरा दिला. तिचा नवरा मोर्चात पकडला गेला होता. आदल्या दिवसापासून त्याची खबर नव्हती.

"माझी खोली रिकामीच आहे, काकू," ती म्हणाली. "तुम्ही दोघं आत झोपा, मी शेजारी जाते."

"त्यांना गॅलरीत जागा द्या," कमळाबाई म्हणाली. "मी तांबूपाशी बसते."

दुर्गाला ते चमत्कारिक वाटलं. जेवतानाही तेच. राजारामने जिन्याखाली बसून भाकरी खाल्ली, कमळाबाईने चौकातल्या नळापाशी. हवं-नको सगळं गायीच्या मार्फत. गाय बिचारी कान हलवत दोघांचं ऐकून घेत होती.

"किती वर्षं झाली हो लग्नाला?" दुर्गाने कमळाबाईला विचारलं.

"चाळीस."

"आणि मुलंबाळं?"

"न्हाईत. शेत होतं, गुरं होती. त्यातच जन्म गेला."

चाळीत तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं, नवस बोलले असतील. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याने दुसरी ठेवली असेल. दुर्गाला मात्र राग येत होता. नवऱ्याशी एक शब्द बोलायला मिळावा म्हणून ती तळमळत होती, आणि ही दोघं हाताच्या अंतरावर असून जनावराच्या तोंडाने बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांबू खाली बसली. डोळे पांढरे केले, पाय झाडले. वासराचा एक पाय वीतभर बाहेर आला आणि तिथेच अडला.

तळमजल्यावरचे नाना गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. त्यांनी बाह्या सरसावल्या, हात साबणाने धुतला, कोपरापर्यंत तेल चोळलं आणि गायीमागे बसले.

"एक पाय आत मुडपलाय," ते म्हणाले. "डॉक्टर हवा होता. आता मीच डॉक्टर. दुर्गे, ऊन पाणी आण. पण आधीच सांगतो, एक वाचेल, एक जाईल, अशी गत होऊ शकते."

"तांबूला वाचवा," दोघं एकदमच म्हणाली.

बाहेर शिट्ट्या वाजल्या. धावणाऱ्या पावलांचा आवाज गल्लीतून गेला. कुणीतरी चाळीचा दरवाजा लावून घेतला. नाना डोळे मिटून आत हात फिरवत होते.

राजाराम हात जोडून पुटपुटत होता, "गोऱ्हा होऊ दे रं देवा. गोऱ्हाच होऊ दे."

"गोऱ्हाच," कमळाबाईही म्हणाली.

निदान एका बाबतीत तरी यांचं जमतं, दुर्गाच्या मनात आलं. शेतकऱ्याला नांगराला बैल हवाच की.

"सापडला पाय!" नाना ओरडले. त्यांनी दोन्ही पायांना दोरी बांधली. "ती कळ देईल तेव्हाच ओढायचं. धरा दोघं."

राजारामने दोरी धरली. त्याच्या हातापुढे कमळाबाईने हात टाकला. कळ आली. दोघांनी टाचा रोवल्या, अंगं मागे टाकली. पुन्हा कळ, पुन्हा ओढ. कमळाबाईचा पाय घसरला तेव्हा राजारामने खांदा देऊन तिला सावरलं. तिनेही तो खांदा झिडकारला नाही. दुर्गा बघतच राहिली.

सपकन वासरू बाहेर आलं. नानांनी त्याच्या नाकातला चिकटा काढला, पाठीवर चापट्या मारल्या. ते शिंकलं. तांबूने मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली.

"कालवड!" नाना हसले. "दोघी ठणठणीत. राजारामभाऊ, घरात लक्ष्मी आली!"

गॅलरीत टाळ्या झाल्या. कर्फ्यू लागल्यापासून चाळ पहिल्यांदाच हसली. कुणी गूळ आणला, कुणी वासराला पुसायला जुनं लुगडं टाकलं.

राजाराम मात्र भिंतीला टेकून मटकन खाली बसला. कमळाबाई वासराला पुसत होती आणि डोळ्यांतलं पाणी खांद्याला टिपत होती.

दुर्गाला राहवेना. "काकू, रडताय काय? काका, तुम्हीही तोंड पाडून बसलात! आज देवाने एवढं दिलं. आता तरी समोरासमोर बोला एकमेकांशी. नवरा-बायकोत कसला एवढा अबोला?"

कमळाबाईने लुगडं पिळलं.

"नवरा-बायको नव्हं गं बाय आमी. दोन वर्सांमागं पंचांनी काडीमोड केली," ती म्हणाली. "शेत वाटलं, घर वाटलं, भांडीसुदीक वाटली. तांबू तवा कालवड, एकलीच व्हती, तिची वाटणी हुईना. म्हनून पंधरा दिस त्यांच्या दारात, पंधरा दिस माझ्या. न्यायला-आणायला तेवढी गाठ पडायची. गोऱ्हा असता तर गाय एकलीच ऱ्हायली असती. आता दोन झाल्या."