दोरा तुटेना

“तुझ्याच तारांनी दात बिगडले यांचे. चूक कबूल कर!” यमुनाने टेबलावर हात आपटला, तसा दातांचा प्लास्टरचा साचा जागच्या जागी उडाला.

समोर दातांची डॉक्टर दिपिका. वटार गावचीच पोर, यमुनाच्या डोळ्यांदेखत वाढलेली. म्हणून तर चाळिशीत यमुनाचा नवरा हरेश्वर तिच्याकडून तारा लावून घ्यायला तयार झाला होता. तारा निघाल्या तेव्हा दात झकास बसले होते. आता खालचे दात वरच्यांच्या पुढे आले होते. मोगऱ्याचे गजरे बांधताना तो दोरा दातांनी तटकन तोडायचा. हल्ली दातावर दात येईना, दोरा तुटेना. वाडीवर त्याची चेष्टा चालली होती आणि पित्त खवळलं होतं यमुनाचं.

बायको भांडायला लागली की हरेश्वर बिचारा आपल्या चपलांकडे बघत बसे. चपला नव्या होत्या.

दिपिकाने जुना साचा उचलला, आजचा एक्स-रे दिव्यासमोर धरला. दोन्ही ताडून पाहिले. मग भलतंच विचारलं, “काका, चपलेचा नंबर वाढला का हो?”

हरेश्वर ओशाळून हसला. “आठचा दहा झाला. ही म्हनते, पोरगी लग्नाला आली आनि बापूस अजून वाढतोय.”

“आणि अंगठी?”

“सोनाराकडं कापूनच काढली,” यमुना फणकारली. “भांडन दातांचं हाय. अंगठी कुठं मधेच काढलीस?”

दिपिका हसली नाही. “काकू, दात मी बसवले तसेच आहेत. जबडा पुढे गेलाय. विशीनंतर हे हाड वाढत नाही. काकांचं वाढतंय. हातपायही वाढतायत. मेंदूखाली एक ग्रंथी असते, वाढ तिच्या हातात असते. तिथे गाठ झाली की असं होतं. रक्त तपासू, डोक्याचा एमआरआय करू. उपचार आहेत त्याच्यावर.”

यमुनाला गाठ तेवढी ऐकू आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. रुंद झालेलं नाक, जाड ओठ, पुढे आलेली हनुवटी. रोज याच चेहऱ्यासमोर ती ताट वाढत होती.

टेबलावर आपटलेल्या त्याच हाताने तिने दिपिकाचा हात घट्ट धरला.

“बाय,” ती म्हणाली, “तुझीच चूक हाय ना ही? एकदा हो म्हन ना गं.”