व्यसनमुक्ती कक्षाचं कुलूप

“पाटी लावली हाय न्हाई का? मंग कुलूप कशाला?”

गुणाबाईंचा हा प्रश्न दीपमाला आज तिसऱ्या दिवशी ऐकत होती.

नांदेडच्या त्या कॉलेजात जिन्याखालच्या खोलीवर ‘व्यसनमुक्ती व समुपदेशन कक्ष’ अशी निळी पाटी होती. तपासणी समिती येणार होती, तेव्हा घाईघाईत ठोकलेली. आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि मोडकी बाकं. कक्षप्रमुख म्हणून कागदावर दीपमालाचं नाव होतं. ती मानसशास्त्र शिकवायची, तीही तासिका तत्त्वावर. जूनमध्ये पुन्हा बोलावायचं की नाही, हे प्राचार्यांच्या मर्जीवर.

गुणाबाई बिलोलीच्या पलीकडच्या गावाहून सकाळच्या एसटीनं यायच्या. कुलपासमोर फरशीवर बसायच्या. भाकरीचं फडकं मांडीवर. दोन हात अंतरावर हरिओम उभा असायचा, खाली मान घालून. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा. हिवाळ्यात त्याच्या बॅगेत झोपेच्या गोळ्यांची पाकिटं सापडली आणि कॉलेजनं पटावरून त्याचं नाव काढलं. तो गुणाबाईंकडे चुकूनही बघत नसे. शरमेनं वाकलेली अशी पोरं दीपमालानं पाहिली होती.

“दवाखान्यात नेलंत का याला?” तिनं विचारलं.

“नेलं की. डॉक्टर म्हणले, गोळ्या सुटतील. पर रोजचं काहीतरी पायजे, कॉलेज पायजे, इचारणारं माणूस पायजे. रिकामा बसला की पुन्हा तेच.”

“पुन्हा घेतल्या?”

“दोनदा,” हरिओम म्हणाला. तीन दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.

“तुझ्यासारखे अजून किती जण आहेत कॉलेजात?”

“होस्टेलचे धरून पंधरा-सोळा. मॅडम, दिवाळीच्या सुट्टीआधी मी आलतो इथं. पाटी वाचून. चार दिवस चकरा मारल्या. कुलूपच होतं.”

दिवाळीआधी ती रोज याच जिन्यावरून वर्गात जात होती. हा पोरगा तिला दिसला असेलही.

ती तडक शिपायाकडे गेली.

“मलप्पा, जिन्याखालची चावी द्या.”

“सायेबांला इचारलं का, मॅडम?”

“द्या हो.”

कुलूप गंजलेलं होतं, तीनदा फिरवल्यावर निघालं. गुणाबाईंनी पदर खोचला आणि पहिला गठ्ठा उचलला. हरिओमनं बाक ओढलं. एव्हाना जमलेल्या बघ्यांपैकी लुंबिनी नावाची एक मुलगी पुढं आली, तिच्यामागून आणखी तिघं. धुळीनं सगळे खोकत होते. अर्ध्या तासात व्हरांडा उत्तरपत्रिकांनी भरला आणि खोलीची फरशी दिसायला लागली.

प्राचार्य अण्णाराव आले ते याच गठ्ठ्यांना ठेचकाळत.

“कुणाच्या परवानगीनं चाललंय हे?”

“पाटी तुमचीच आहे, सर,” दीपमाला म्हणाली. स्वतःच्या आवाजाचं तिलाच नवल वाटलं.

“आपल्या कॉलेजात व्यसनी पोरं आहेत अशी दवंडी पिटायचीय का तुम्हाला?”

“आहेत, सर. पंधरा-सोळा. आपल्याला माहीत असलेली.”

अण्णारावांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि ते गुणाबाईंकडे वळले. आवाज खाली आणला.

“बाई, आईची माया मला समजते. पण नुसत्या गोळ्यांचं असतं तर गोष्ट वेगळी होती. याच्या गाडीखाली एक पोरगं गेलंय. केस चालू आहे. उद्या त्या घरचे लोक येऊन बसले, तर मी काय सांगू त्यांना?”

हरिओमच्या हातातलं बाक खाली आदळलं.

गुणाबाईंनी पदरानं हात पुसले. “खरं हाय ते सांगा. गाडी घालायच्या आदी हे लेकरू तुमच्या दाराला मदत मागाया आलतं, आन् तुम्ही कुलूप घातलं होतं. सांगा तसं.”

“मी जात न्हाई,” त्या म्हणाल्या. “पोलिसाला बोलवा, न्हाईतर कुणालाबी. उद्याबी सकाळच्या गाडीनं हितंच येऊन बसणार.”

“आणि तुमचं काय, मॅडम?” अण्णाराव म्हणाले. “जून फार लांब नाही.”

“जूनचं जूनमध्ये बघू, सर. आज बुधवार आहे. दर बुधवारी ही खोली उघडी राहणार. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी आत्ता तुमच्यासमोर फोन करते.”

तिनं केला. पलीकडून डॉक्टर म्हणाले, पुढच्या बुधवारी दुपारी येतो, किती मुलं असतील? दीपमालानं फोन कानावरून काढून तोच प्रश्न सगळ्यांना विचारला. लुंबिनी मोठ्यानं म्हणाली, “माझ्या भावाला आणते मी.” मागून एका पोरानं हात वर केला.

अण्णारावांनी त्या हाताकडे पाहिलं.

“प्रवेश परत देतो,” अखेर ते म्हणाले. “अटीवर. दर बुधवारी याची इथं हजेरी. एक बुधवार चुकला तर नाव कायमचं गेलं. आणि घरच्या मोठ्या माणसाची सही पाहिजे, जबाबदारी घेतल्याची.”

“मी घेते,” गुणाबाई म्हणाल्या.

अण्णाराव गेले. दीपमालानं पुसलेल्या बाकावर फॉर्म ठेवला. हरिओमचं नाव लिहिलं, वर्ग लिहिला. जबाबदार व्यक्ती म्हणून गुणाबाईंचं नाव लिहिलं. पुढं ‘विद्यार्थ्याशी नातं’ असा रकाना होता. तिनं ‘आ’ लिहिला, तोच गुणाबाईंनी पेनावर बोट ठेवलं.

“ते खोडा. त्याचे मायबाप त्याला घरात घेईनात. म्हणून मी घेऊन फिरायलेय.”

“मग तुम्ही त्याच्या कोण? काय लिहू इथं?”

हरिओम भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

“लिहा,” गुणाबाई म्हणाल्या, “ह्याच्या गाडीखाली जे पोरगं गेलं, त्याची आई.”