चौथं कलम

अलिबागहून आलेलं पाकीट हरेश्वरभाऊंनी केबिनचं दार लावून फोडलं. आत सहाय्यक निबंधकांचं चार ओळींचं पत्र होतं आणि सोबत एका निनावी तक्रारअर्जाची टंकलिखित नक्कल. पहिली तीन कलमं वाचताना ते नुसते हसले. चौथ्यावर बोट थांबलं.

'अध्यक्षांच्या पुतण्याचे माणगावच्या भातगिरणीवरील थकलेले कर्ज तीस जूनला फिटल्याचे दाखवून, दोन जुलैला त्याच्या मेहुण्याच्या नावे पुन्हा दिले आहे.'

अक्षरन् अक्षर खरं होतं.

श्रीवर्धनची बागायतदार सहकारी बँक हरेश्वर धारपांनी सत्तेचाळीस साली सुपारीवाल्यांना गोळा करून उभी केली. त्याला बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षं तेच अध्यक्ष. ऑडिटचा 'अ' वर्ग कधी सुटला नव्हता, लाभांश कधी चुकला नव्हता. अलीकडे तर त्यांच्या पत्नीच्या, केसरबाईंच्या शब्दावर कोळीवाड्यातल्या सत्तर-ऐंशी बायकांनी मासळीचे पैसे बँकेत ठेवले होते. गिरणीची उलटापालट आपण पुतण्यासाठी केलीच नाही, असं भाऊ स्वतःला बजावत. थकबाकी दिसली असती तर 'अ' वर्ग गेला असता, आणि मग ठेवीदार थांबले असते का?

ती गोष्ट कर्ज समितीत झाली होती. समितीत त्यांच्याखेरीज तिघं: मॅनेजर बाळाजीपंत, उपाध्यक्ष अनंतराव आणि कोळीवाड्याचे दादू नाखवा. म्हणजे फितूर या तिघांतला एक.

दुपारी जेवताना त्यांनी घरी बेत बोलून दाखवला. तिघांना तीन वेगवेगळ्या थापा मारायच्या. जी थाप बाहेर फुटेल, तिचा धनी सापडला. बाळाजीपंतांवर कशाला संशय घेता, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय, असं केसरबाई भात वाढता वाढता म्हणाल्या. लग्नालाच पैसे लागतात, असं भाऊंनी उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाळाजीपंतांना सांगितलं, म्हसळ्याला शाखा काढायची आहे. अनंतरावांना सांगितलं, यंदा लाभांश नाही. नाखव्याला सांगितलं, होड्यांची कर्जं बंद. तिघांनाही बजावलं, कुठे बोलायचं नाही.

मग ते पाहत राहिले. अनंतराव सभेत नजर टाळू लागले. दादू नाखवा एकदा केबिनच्या दारात येऊन घुटमळला.

"भाऊ, बँक बरी हाय ना?"

"का? कोण काय म्हणालं?"

"कोन न्हाय," म्हणत तो निघून गेला. भाऊंनी ते मनात टिपून ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यात एस.टी. स्टँडवरचा पानवाला त्यांना म्हणाला, म्हसळ्याला बँक निघतेय म्हणे, माझ्या भावाचा गाळा रिकामा आहे. भाऊ तिथून थेट बँकेत आले आणि बाळाजीपंतांना बोलावून घेतलं. गुरुवारी रजा काढून कुठे गेला होता, असं विचारलं.

"म्हसळ्याला," बाळाजीपंत म्हणाले. "जागा बघायला. भाड्याचा अंदाज घेतला. बँकेचा नाही, माझाच खर्च."

भाऊंनी कोरा कागद पुढे सरकवला आणि राजीनामा लिहायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. बाळाजीपंतांनी दोन ओळी लिहिल्या, चाव्या टेबलावर ठेवल्या.

"भाऊ, तुम्ही माणूस चुकलात," एवढंच म्हणाले.

त्यांच्या मुलीचं लग्न पुढे गेलं, मग मोडलं. गावात कुजबुज झाली की पंतांनी पैसे खाल्ले. भाऊंनी ती कुजबुज खोडून काढली नाही. महिनाभर अलिबागहून एकही कागद आला नाही, आणि त्यांना पुन्हा शांत झोप लागू लागली.

मग एका सोमवारी सहकार खात्याचे तपासनीस आले. तीन दिवस त्यांनी वह्या चाळल्या आणि चौथ्या दिवशी सभासदांना शाळेच्या पटांगणात बोलावलं. बागायतदार पुढे बसले. कोळीवाड्यातल्या बायका आपल्या म्होरक्या नीराबाईला पुढे घालून आल्या होत्या, त्या मागे बसल्या. बाळाजीपंत कडेला उभे होते, त्यांना कुणी जागा दिली नव्हती.

भाऊ आधी बोलायला उठले. संस्थेचा फितूर नोकर आपण हुडकून काढला आहे, त्याने सुडाने अर्ज केला, गिरणीचं कर्ज पै न् पै वसूल होईल, असं त्यांनी ठासून सांगितलं. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या.

तपासनिसांनी टाळ्या थांबू दिल्या. मग दुसरा एक अर्ज काढला. हा गेल्याच आठवड्यात आला आहे, आणि याच अर्जामुळे मी इथे आलो आहे, असं ते म्हणाले आणि वाचू लागले.

'पहिला अर्जही माझाच होता. तक्रारदार शोधण्यासाठी अध्यक्षांनी कर्ज समितीतल्या तिघांना तीन खोट्या गोष्टी सांगितल्या: म्हसळ्याची शाखा, बंद लाभांश आणि बंद होडीकर्ज. बाळाजीपंत खोट्याला खरे समजून बँकेसाठी जागा पाहायला गेले. त्यांनी कुणाला काहीही कळवलेले नाही. त्यांना कामावर परत घ्यावे.'

भाऊंनी अनंतरावांकडे पाहिलं, मग नाखव्याकडे. दोघंही एकमेकांकडे चकित होऊन बघत होते. त्यांना फक्त आपापली थाप ठाऊक होती.

"लिहिणाऱ्यानं या वेळी नाव दिलंय," तपासनीस म्हणाले आणि कागद भाऊंपुढे धरला.

खाली ठसठशीत अक्षरांत सही होती: सौ. केसर हरेश्वर धारप.