ओली पट्टी

गॅरेजवाल्यांनी हात टेकलेली आबांची जुनी मोटार कुंदन स्वतःच दुरुस्त करून चालवायचा. मे महिन्यातल्या भर दुपारी तापाने फणफणलेल्या आईला तिच्यात घालून तो पिंपळनेरहून धुळ्याला निघाला. साक्री मागे पडली आणि गाडी बंद पडली.

बॉनेट उघडताच त्याने ओळखलं. इंजिनाजवळचा पंप तापून आत पेट्रोलची वाफ झाली होती. पंपावर ओलं फडकं ठेवलं की गाडी निघते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि बाटलीतलं शेवटचं पाणी आईच्या कपाळावरच्या पट्टीत संपलं होतं.

"काय व्हयनं रे?"

त्याने सांगितलं. आईने डोळे न उघडताच पट्टी काढून पुढे केली.

"आई, नको."

"पहिले गाडीनं डोकं थंड कर, बापू. ती चालनी तं मी वाचसू."

धुळ्यात आईला सलाईन लावून डॉक्टर बाहेर आले. "वेळेत आणलंत म्हणून वाचल्या. पण एवढा ताप असताना वाटेत साधी ओली पट्टी ठेवायचं सुचलं नाही तुम्हाला?"



पट्टी अजून पंपावरच होती, वाळून कडक झालेली.