टाकाची चांदी

बायकोच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी सोमेश्वरला तिच्या नाण्यांच्या अल्बममधला एक खण रिकामा दिसला. मिनँडर राजाचं चांदीचं नाणं गेलं होतं. आयुष्यभर जमवलेल्या इंडो-ग्रीक नाण्यांतलं ते तिचं सगळ्यात लाडकं. तेवढ्यात मोठा भाऊ आला आणि त्याने देव्हाऱ्यात बसवायला तिच्या नावाने घडवलेला चांदीचा टाक पाटावर ठेवला. शेजारी तिची जोडवीही ठेवली. "टाक करायला जोडवी दिल्ती ना, दादा?" "सवाष्णीची जोडवी आटवायला जीव झाला न्हाई. ते अल्बमातलं काळं नाणं मस्तगडच्या सोनाराला दिलं." "दोन हजार वर्षांचं होतं ते." "मंग आता देवात राहील. बायकोपरीस नाणं मोठं झालं का तुला?" टाकावर सोनाराच्या साच्यातला चेहरा होता, कुठल्याही बाईचा. "ऊठ. माझ्या दारात पुन्हा येऊ नको," सोमेश्वर म्हणाला. भाऊ श्राद्धाचं न जेवताच गेला. टाक अजून देव्हाऱ्यात बसवलेला नाही.