भरतीचा बांध

"सगळे मासे धरायला गेलेत म्हणता? गावातला एकूण एक पुरुष?" इंग्रज लेफ्टनंट हॉलिसने सूप भुरकत विचारलं. त्याची फ्रेंच मोडकी होती, पण भूक अस्सल.

"मासे फार आहेत, सायबा," उर्सूल म्हातारी म्हणाली.

जूनमध्ये फ्रेंचांचा किल्ला पडला आणि अकादीची खाडी, महासागरापलीकडची ही फ्रेंच शेतकऱ्यांची वसाहत, इंग्रजांची झाली. पॅरिसने नकाशा काढायचा, लंडनने फाडायचा, आणि ज्यांनी बांध घालून समुद्र हटवला नि शेतं काढली त्यांना कुणी विचारायचं नाही, ही जुनीच रीत. या खेपेला हुकूम निघाला होता: आधी पुरुष पकडा, मग बायकापोरांसकट जहाजांत कोंबून परमुलखात सोडा. पुरुष रानात पळाले. बर्फ पडायच्या आत जहाजांना निघावंच लागणार होतं. तोवर बायकांनी तोंड मिटून बसायचं.

उर्सूलचे दोन मुलगे, प्रोस्पेर आणि सिल्वें, रानातच होते.

तिने एकदा खोटा माग सांगून हॉलिसला उत्तरेच्या दलदलीत पाठवलं. तो कंबरभर चिखल घेऊन परतला.

"आजी, तुम्ही लबाड आहात."

"म्हातारपण, सायबा. दिशा विसरते मी."

मग तो इकडचं तिकडचं विचारू लागला. चर्चची घंटा कशाने तडकली?

"बडवून बडवून! बांध फुटला की तीन-तीन ठोके. मग आजारी असो की ऐन लग्नातली नवरी, फावडं घेऊन पळायचं. मी माझ्या लग्नाच्या झग्यात गाळात उतरले होते. खारं पाणी शेतात बसलं की तीन वर्षं काही उगवत नाही. बांधापुढे राजा नाही नि पाद्री नाही."

"छान रीत आहे," हॉलिस म्हणाला आणि आणखी सूप मागितलं.

हॉलिस गावात आल्याच्या नवव्या दिवशी जहाजांनी शिडं चढवली. हॉलिस निरोप घ्यायला आला. "हरलो, आजी." त्याची पलटण किनाऱ्याकडे गेली. उर्सूलला इतका आनंद झाला की तिने घरातलं उरलंसुरलं मांस पातेल्यात टाकलं. पोरं उपाशी असतील.

दुपारी भरती चढत असताना घंटा वाजली. तीन ठोके. पुन्हा तीन.

उर्सूल फावडं घेऊन धावली. बांध खरंच फुटला होता. गाडी जाईल एवढं भगदाड, कडा कापल्यासारख्या सरळ, आणि खारं पाणी शेतात घुसत होतं. रानातून पुरुष धावत आले, पुढे प्रोस्पेर, मागे सिल्वें. एरवी चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा जोसाफातसुद्धा त्यांच्यातच होता. घंटा अजून वाजतच होती.

कुणी काही विचारलं नाही. गवताचं ढेकूळ, त्यावर ढेकूळ, बापजाद्यांनी रचलं तसं. ऊन उतरायच्या वेळी पाणी थांबलं. सिल्वेंच्या चिखलाने भरलेल्या मानेवर हात ठेवून उर्सूल हसली. "वाचली रे जमीन!"

गवताच्या गंजींमागून सैनिक उभे राहिले.

हॉलिस बांधावरून चालत आला. त्याने नव्या मातीवर बूट दाबून पाहिला.

"अजून एक थर घाला, आजी, मग निघू," तो अदबीने म्हणाला. "वसंतात इथे आमची माणसं राहायला येताहेत. त्यांना बांध घालता येत नाही."